नवरा पोलंडचा, घर माझं

लोक विचारतात, "परदेशी नवऱ्याबरोबर संसार कसा चाललाय?" मी म्हणते, संसार झकास चाललाय, तुम्हीच चालू देत नाही! संभाजीनगरात एक साधा टू बीएचके घ्यायला आम्हाला दीड वर्ष लागलं. त्या दीड वर्षात एवढे किस्से साचले, की चार मैत्रिणी जमल्या की कुणीतरी म्हणतंच, "वैशाली, तो चेअरमनचा सांग." सांगते. पण आजही सांगताना माझं डोकं फिरतं, हे आधीच सांगून ठेवते.

मी मूळची बिडकीनची, शेतकऱ्याची पोरगी. शेंद्र्याला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. यान पोलंडचा. मशीन बसवायला तीन महिन्यांसाठी आला आणि इथलाच झाला. आम्ही कोर्टात लग्न केलं. मराठी तो मशीनवरच्या पोरांकडून शिकला, त्यामुळं 'लई' आणि 'व्हय' घातल्याशिवाय त्याचं वाक्य पुरं होत नाही.

माझं म्हणणं एकच होतं. घर घ्यायचं आणि ते माझ्या नावावर घ्यायचं. लहानपणापासून ऐकत आले, माहेर भावाचं आणि सासर नवऱ्याचं. मग माझं काय? पगार माझा होता. त्यात यानचा पासपोर्ट परदेशी, त्याचं नाव घालायचं तर कागदांचा ढीग लागणार. यान म्हणाला, "तुझ्या नावावर घे की. लई सोपं हाय." त्याला सोपं वाटलं. बाकी कुणालाच वाटेना!

* * *

पहिला बिल्डर क्रांती चौकाजवळचा. सेल्समन टाय लावून बसलेला. यानला एसीखालची खुर्ची, मला दाराजवळची. मी विचारलं, "कार्पेट एरिया किती?" त्यानं उत्तर यानला दिलं, तेही इंग्रजीत. मी विचारलं, "पझेशन कधी?" पुन्हा उत्तर यानला. मी विचारलं, "पाणी रोज येतं का?" त्यावर तो यानकडं बघून नुसताच हसला. आपल्या शहरात हा प्रश्न ऐकला की सगळे बिल्डर असेच हसतात.

शेवटी माझ्याकडं वळून म्हणतो कसा, "मॅडम, सर को जरा पूछ के बताओ ना, सर को फ्लॅट पसंद आया क्या?"

यान म्हणाला, "मला काय विचारतो? मी ड्रायव्हर हाय."

त्यानंतर सेल्समननं यानचीही खुर्ची बदलली!

* * *

आता तो चेअरमनचा. दुसऱ्या एका सोसायटीत फ्लॅट दोघांनाही आवडला. चेअरमन भेटायला आले, हातात वही. यानला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, राग मानू नका. आमची सोसायटी शाकाहारी आहे. हे फॉरेनर लोक काय काय खातात, आपल्याला माहितीये."

मी म्हटलं, "काका, तो अंडंसुद्धा खात नाही. मटण मी खाते. रविवारी लागतंच मला."

चेअरमननं वही मिटली. मग म्हणाले, "मग साहेबांनी एकट्यानं राहायला आमची काही हरकत नाही."

अहो, माझं गाव, माझी माणसं, आणि मलाच प्रवेश नाही!

* * *

अखेर बीड बायपासला एक फ्लॅट ठरला. कागद करायला दस्तलेखकाकडं गेलो. खरेदीखतं टाइप करण्यात त्याचा जन्म गेलेला. "खरेदी घेणार" इथपर्यंत टाइप केलं आणि यानचं नाव विचारलं. मी म्हटलं, "माझं नाव घाला. फक्त माझं."

त्याची बोटं थांबली. "मिस्टर हयात असताना?"

तो शब्द ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हयात! माणूस शेजारी बसून चहा पितोय! त्यानं यानला तीनदा विचारलं, "साहेब, नो ऑब्जेक्शन?" यान तीनदा म्हणाला, "नाय. घर तिचं हाय." तेव्हा कुठं टायपिंग सुरू झालं. निघताना तो मला हळूच म्हणाला, "भोळे आहेत हो बिचारे. जपा त्यांना."

म्हणजे तिथंही मीच लबाड!

* * *

माझा भाऊ दत्ता माझ्याहून लहान, पण काळजी आजोबासारखी. रोज संध्याकाळी फोन. "ताई, बाहेरचं मानूस हाय. उद्या घर इकून पळालं तर?"

"माझ्या नावावरचं घर तो कसा विकेल रे?"

"गोड बोलून सही घील ना! त्यापेक्षा माझ्या नावावर घे. घरातल्या घरात ऱ्हाईल."

गंमत म्हणजे त्याच आठवड्यात यानच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. म्हातारी पोलिशमध्ये तावातावानं बोलत होती. मी विचारलं, "काय म्हणतात?"

यान म्हणाला, "दत्ता जे म्हणतो तेच. घर सगळं बायकोच्या नावावर, उद्या तिनं हाकललं तर कुठं जाशील?"

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, बिडकीनला सासूकडं जाईन. तिथं भाकरी लई चांगली मिळती."

* * *

रजिस्ट्रीच्या दिवशी बाबा आले. दत्ता साक्षीदार म्हणून आला, सोबत वहिनी, तिच्या हातात पिशवी. फोटो झाले, अंगठे झाले, सह्या झाल्या. घर माझ्या नावावर झालं! मला रडू आवरेना. यान ओळखपाळख नसलेल्यांनाही पेढे वाटत सुटला.

तेवढ्यात दत्तानं फाइलमधून टाइप केलेला एक कागद काढला. "ताई, एवढी एक सही कर. नोंदणी नंतर पैठणला करू."

मी वाचलं. हक्कसोडपत्र होतं. बिडकीनच्या वडिलोपार्जित जमिनीतला माझा वाटा मी राजीखुशीनं भावाला सोडून दिला, असं त्यात लिहिलेलं. मला कुणी विचारलंही नव्हतं!

"आता तुझं सोताचं घर झालं की," दत्ता म्हणाला. "तुला जमीन कशाला लागती?"

मी बाबांकडं पाहिलं. बाबा खाली बघत होते. वहिनीनं पिशवीतून साडी आणि ब्लाउजपीस काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. सगळं ठरवूनच आले होते. मी तो कागद पुढ्यातल्या टेबलावर आपटला.

यान पेढ्यांचा बॉक्स घेऊन जवळ आला. "ही साडी कशाची?"

मी कसंबसं सांगितलं, "आमच्याकडं बहिणीनं जमिनीवरचा हक्क सोडला, की भाऊ तिला साडीचोळी देतो. तशी रीत आहे."

"जमीन किती?"

"माझ्या वाट्याची दोन एकर."

"आणि साड्या किती?"

"एक."

यान विचारात पडला, मशीन बंद पडल्यावर पडतो तसा. मग त्यानं माझ्या पुढ्यातला कागद उचलून दत्तापुढं ठेवला, खिशातला पेन काढून त्याच्या हातात दिला आणि अगदी मनापासून म्हणाला, "दत्ताभाऊ, सही तुम्ही करा. साडी मी देतो. पैठणी देतो!"