बाविसाव्या मजल्यावरचा चहा

मुलगी कॅल्गरीला ऑफिसच्या कामासाठी आली, तिच्याबरोबर मीही आले. ती दिवसभर मीटिंगमध्ये आणि मी हॉटेलात, बाविसाव्या मजल्यावर. समोर तशीच एक काचेची उंच इमारत. तिच्या काचांवरून ढग सरकतात, माणूस मात्र दिसत नाही. तीन दिवसांत दिवसा माझ्याशी बोलली ती फक्त लिफ्ट, तीही मजल्याचा आकडा सांगण्यापुरती.

आज सकाळी खिडकीबाहेर दोराला लटकत एक माणूस उतरला. काचा पुसणारा. दारी आलेल्याला चहा विचारायची सवय. मी रिकामा कप उंचावून दाखवला. तो हसला, त्यानं मान डोलावली. मी लगबगीनं दोन कप चहा केला, खिडकीशी गेले आणि मग लक्षात आलं, ही खिडकी उघडतच नाही. पलीकडचं लख्ख दिसावं म्हणून माणूस एवढ्या उंचावर लटकतो, पण हात बाहेर काढायची सोय कुणी ठेवलेली नाही.

त्यानं हवेतच कप धरल्यासारखं केलं, एक घोट घेतला आणि खाली उतरून गेला.

संध्याकाळी मुलीनं विचारलं, "आई, दोन कप कसे? कुणी आलं होतं?"

"हो," मी म्हटलं, "चहा घेऊन गेला."