आठवा भोंगा

डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत रेडिओ एकच, तो माझा. संयुक्त महाराष्ट्राच्या बातम्या ऐकायला अख्खा मजला माझ्या दारात उभा राही. शेवटी ठरलं, माझ्या रेडिओवरून वायर ओढून मजल्यावरच्या आठही खोल्यांत एकेक भोंगा बसवायचा.

वायरवाला खिळे दातांत धरून बोलायचा, त्यामुळे निम्मं कळायचंच नाही. रेडिओकडे तो बघायचाही नाही. शेवटच्या भोंग्याला कान लावून मान हलवायचा. भोंगा वाढला की सगळ्यांचाच आवाज थोडा बसायचा.

सात झाले तेव्हा मी अडून बसलो. "आठवा नको. माझा रेडिओ नि मलाच ऐकू येईना!"

आठवी खोली एकट्या म्हातारीची. तिचा मुलगा सत्याग्रहात पकडलेला.

वायरवाल्याने खिळे हातात काढले. "दादा, तुम्हाला बातम्या हव्यात. तिला पोरगा हवाय. बोला, कुणाला वायर देऊ?"

मी तरातरा गॅलरीत निघून गेलो. त्याने वायर जोडली.

संध्याकाळी बातम्या लागल्या तरी मी रागाने गॅलरीत बसून राहिलो. तेवढ्यात म्हातारी धावत बाहेर आली.

"अरे, सोडतायत रे पोरांना! तुझ्याच रेडिओने सांगितलं, नि तू बाहेर काय बसलायस?"