तासाला बत्तीस डाव

लास व्हेगासच्या डीलर मंडळींत वर्ना स्टुकेलच्या हातांची एक ख्याती होती: ती पान वाटते तेव्हा ते पडलेलं दिसतं, ऐकू येत नाही. चौतीस वर्षं पोकरच्या टेबलावर काढलेल्या या बाईने दोन नवरे सोडले, सिगारेट सोडली, पण खेळणाऱ्याच्या पानावर कधी घाई केली नाही. दुसऱ्या नवऱ्याचं म्हणणं निराळं आहे. पण तो आता रीनोत असतो, त्याला विचारतंय कोण.

मग पोकरच्या खोलीवर ट्रेंट हॉफर नावाचा नवा मॅनेजर आला. जन्मात एक डाव वाटलेला नाही. आधी कुठल्याशा गोदामात खोकी मोजत असे. टेबलाच्या पोटात पत्ते पिसणारं यंत्र असतं. पत्त्यांचा कॅट आत गेला की ते एक डाव मोजतं. ट्रेंट त्या आकड्यांची आठवड्याची यादी डीलरांच्या खोलीतल्या फ्रिजवर चिकटवू लागला. तासाला बत्तीस डाव झाले तर नाव हिरवं, कमी झाले तर लाल. दोनदा लाल आलं की टेबल सुटलं. मग दारातल्या स्टुलावर बसून येणाऱ्यांची नावं लिहायची.

वर्ना एकदा लाल आली होती.

पहिला नंबर ड्वाइट पेटिटचा, चव्वेचाळीस. हा सद्गृहस्थ घटकेघटकेला ‘पानाला डाग पडलाय’ म्हणून आख्खा कॅट बदली. यंत्र बिचारं त्यालाही डाव समजे.

“तूही बदल की,” तो वर्नाला म्हणाला. सँडविचमधलं अंडं मिशीत अडकलेलं. “यंत्राला काय कळतंय?”

“माझे हात मलाच घरी न्यायचे असतात, ड्वाइट. आणि मिशी पूस, बघवत नाही.”

वर्नाचा वेळ जाई तो ऑर्व्हिल टॅन्सीपायी. एक्क्याऐंशीचा निवृत्त प्लंबर, डोळे अधू. हा पानं नाकाशी नेऊन वाची, आणि टेबलाच्या मध्यावर मांडलेली, सगळ्यांना सामाईक असलेली पानं वर्ना त्याला बोलून दाखवी: “बदाम राणी, किलवर सत्ती, चौकट दुर्री.” खेळणाऱ्याने आपल्या पानांवर एक चिप, म्हणजे पैशाची चकती, ठेवायची असते; चिप नसलेली पानं चुकून डीलरने ओढली तर ती मेली, म्हणजे डावातून बाद. ऑर्व्हिलने वर्नाच्या टेबलावर कधी चिप ठेवली नाही. म्हणे, “वर्ना आहे ना.”

त्या शुक्रवारी ट्रेंट तिच्या पाठीशी येऊन उभा राहिला. तोंडात पुदिन्याचं च्युइंग गम, मचमच थेट कानाशी.

“एकतीसवर आहेस, वर्ना. जरा हात उचल.”

तिने उचलला. पानं बोलून दाखवणं बंद केलं. समोरच्याने दोन जोड्या उघड्या केल्या, तिने मधला चिपांचा ढीग त्याच्याकडे सरकवला आणि त्याच झपाट्यात ऑर्व्हिलची पानं ओढून कॅटमध्ये मिसळली.

“माझ्या दोन राण्या होत्या गं,” ऑर्व्हिल हळूच म्हणाला. “मधे तिसरी पडलीय ना?”

पडली होती. बदामची. तीन राण्या दोन जोड्यांवर भारी; डाव ऑर्व्हिलचा होता.

“मिसळली ती मेली,” ट्रेंट म्हणाला. “नियम आहे. पुढचा डाव.”

“त्याची चूक नाही, माझी आहे,” वर्ना म्हणाली.

“चूक मी मोजत नाही. डाव वाट.”

सोमवारी फ्रिजवर तिचं नाव हिरवं होतं. पोपटाच्या विष्ठेसारखं हिरवं. त्याच्याखाली उभं राहून तिने कॉफीचा एक घोट घेतला. तिने कप मोरीत ओतला आणि उगाचच दोनदा हात धुतले.

टेबलावर ऑर्व्हिल आधीच बसला होता. पानं आली तशी त्याने खिशातून नळाचा एक जाडजूड पितळी नट काढला आणि पानांवर ठेवला.

“हे काय?”

“सवय लावतोय. तुला घाई असते हल्ली.”

वर्नाने मधलं पहिलं पान उलटलं आणि लहान पोराला घास भरवावा तसं सावकाश म्हणाली, “इस्पिक दश्शी.” मग थांबली. टेबलावरचे बाकीचे कुरकुरले, एक जण घड्याळ बघू लागला. तिने ढुंकून पाहिलं नाही. आठवडाभर तेच. गुरुवारी नट खिशात गेला. पुढच्या सोमवारी यादीत तिचा आकडा आला चोवीस: दुसऱ्यांदा लाल.

आता ती दारातल्या स्टुलावर बसते. ऑर्व्हिल आला की आधी विचारतो, “आत कोण वाटतंय?”

“ड्वाइट.”

मग तो खिसा चाचपतो.

परवा तिच्या पाठीशी पुन्हा तीच मचमच आली. “वर्ना, पंधरा मिनिटांत अकराच नावं?”