रत्नप्रभाची लाल गाडी

दुपारचं जेवण झालंय. जयसिंगपूरच्या त्या बारक्या घरात सामसूम पसरलीय, आणि भूपालअण्णा चौगुले बायकोच्या, रत्नप्रभाच्या, खुर्चीत बसल्या बसल्या पेंगताहेत. समोर तिचा कॉम्प्युटर चालू आहे. सकाळीच अभिनंदनचा, त्यांच्या मुलाचा, जर्मनीहून फोन आला होता. "अण्णा, आईचा कॉम्प्युटर मधनंमधनं चालू करत जावा. नुसता ठेवला तर खराब होतोय." म्हणून अण्णांनी बटण दाबलं, तर तिचा तो खेळ आपोआप उघडला.

आकाशातल्या जहाजांचा खेळ आहे तो. जगभरातली माणसं आपापल्या घरात बसून खेळतात. एका तळावरचा माल दुसऱ्या तळावर न्यायचा, विकायचा, वाटेत लुटारू आडवे आले तर लढायचं नाहीतर पळायचं. नव्या खेळाडूला सुरुवातीला एक जहाज फुकट मिळतं. नाव घेण्यासारखं काही नसतं त्यात. पुढे एक फुसकी बंदूक, मागे रिक्षाच्या डिकीएवढी माल ठेवायची जागा, आणि पत्रा इतका पातळ की दोन फटक्यांत खेळ खलास. लोक ते थोडे दिवस वापरतात, कमावतात आणि मोठं जहाज घेतात. रत्नप्रभानं लॉकडाउनमध्ये खेळायला सुरुवात केली ती शेवटपर्यंत त्याच जहाजातून. रंग तेवढा लाल करून घेतला होता.

अण्णा आयुष्यभर एसटीचे ड्रायव्हर. कुरुंदवाड, इचलकरंजी, सांगली. निवृत्त झाल्यावर ते पुढच्या खोलीत टीव्ही बघत पडलेले असायचे आणि आतून बटणांचा टकटक आवाज यायचा. आत काय चाललंय ते त्यांनी कधी विचारलं नाही. मग एके दिवशी ती छातीत दुखतंय म्हणाली आणि मिरजेच्या दवाखान्यातनं परत आलीच नाही. पडद्यावर तिचं जहाज अजून तिनं सोडलं होतं तिथंच अंधारात थांबलंय. लांब समोर एक निळसर ठिपका आहे. अण्णा त्या ठिपक्याकडे बघताहेत. कुठलं बटण दाबायचं ते त्यांना माहीत नाही. पापण्या जड होताहेत.

पडद्यातला अंधार हळूच टेबलावर उतरतो, टेबलावरून खाली, पायापर्यंत येतो. गार लागतो.

"पाय वर घ्या की. तिथं ब्रेक आहे."

अण्णा पाय वर घेतात. ते जुन्या एसटीच्या बॉनेटवर बसलेत, ड्रायव्हरच्या शेजारी, जिथं गर्दीच्या दिवशी पाव्हणेमंडळी बसायची. खालून इंजिनाची ऊब लागतेय. स्टिअरिंगवर रत्नप्रभा आहे. आकाशी पातळ, पदर कमरेला खोचलेला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"तू कधी शिकलीस?" अण्णा विचारतात. ती मेलेली आहे हे त्यांना माहीत आहे. पण ते आत्ता बोलायचं कारण नाही असं वाटतं.

"तुम्ही झोपलेला असायचा तेव्हा."

काचेबाहेर शिरोळचा रस्ता आहे. उसाच्या ट्रॉल्या चालल्यात, मागच्या उसाला लाल फडकी बांधलेली. मळीचा वास येतोय. मग रस्ता संपतो, ट्रॉल्या मात्र तशाच पुढे जात राहतात, खाली काही नसताना, चांदण्यांतून. फडकी हलत नाहीत. तिथं वारा नाही.

"माल काय भरलायस?"

"पाण्याचे कॅन."

"एवढ्या लांब? पाणी?"

"तिकडं पाणी कुठलं आलंय?" ती गिअर टाकते. गिअर खरखरतो आणि अण्णांचा हात सवयीनं पुढे जातो, पण ती तो बाजूला सारते. "असू दे. तिची ती पद्धतच आहे."

दोघं समोरच्या काचेकडे बघत बसतात. घरात बसायचे तसेच. मग अण्णांना राहवत नाही.

"चांगलं मोठं जहाज का घेतलं नाहीस? अभिनंदन म्हणत होता, आईला कधीच घेता आलं असतं."

"मोठं जहाज बारक्या धक्क्याला लागत नाही हो. तुमची ती लांबलचक गाडी शिरढोणच्या बोळात शिरत होती का? तसंच. मोठमोठी जहाजं मोठ्या तळावर जात्यात. बारक्या धक्क्यावरच्या माणसांकडं कोण बघणार?"

"कोण माणसं?"

"हायत की. कोण कामावरनं दमून येतोय, कोण परमुलखात एकटाच खोली घेऊन राहतोय. पाणी घेत्यात आणि मग बोलत बसत्यात. काकू, आज काय भाजी केली, म्हणून विचारत्यात."

"आणि तू सांगतीस?"

"सांगते की. कशी केली ते पण सांगते."

अण्णांना आठवतं, ती भाजी ते रोज खायचे. चांगली झाली असं म्हणालेलं मात्र आठवत नाही. ते आठवायचा प्रयत्न करतात. काचेबाहेर बघत करतात.

मागून उजेड येतो, पांढराफटक, डोळे दिपवणारा. आरशात एक काळं धूड दिसतंय, साखर कारखान्याएवढं. लुटारू. गाडीला हादरा बसतो, पत्रा वाजतो, काचेला एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तडा जातो.

"बंदूक चालव!" अण्णा ओरडतात.

रत्नप्रभा हसते. "ह्या बंदुकीनं कावळा तरी उडंल का? मागं जावा. माल टाका. माल गोळा करायला ते थांबत्यात, तेवढ्यात आपण निघायचं. पाणी तेवढं ठेवा."

अण्णा मागचं दार उघडतात. मागे त्यांचं घर आहे. स्वयंपाकघराच्या फरशीवर पाण्याचे कॅन रांगेत उभे आहेत आणि त्यांच्या भोवती सगळा संसार. अण्णा टाकायला लागतात. शिलाईचं मशीन. गाद्या. खाकी कपड्यांचं गाठोडं. लोखंडी कपाट भरून तिची पातळं, ती हलकी होऊन चांदण्यांत उलगडत जातात. पुन्हा हादरा बसतो.

"अजून!" पुढून तिचा आवाज येतो.

शेवटी एकच वस्तू उरते. दवाखान्यातली खाट. बाजूला सलाइनची काठी, उशीवर डोकं टेकल्याचा खळगा. अण्णा खाटेचा दांडा धरून उभे राहतात.

"टाका की ती."

"ह्यावर तू होतीस."

"आता आहे का? बघा."

अण्णा बघतात. खाट रिकामी आहे. चादरीला घडी पडलेली आहे, बाकी काही नाही. तरी दांडा हातातून सुटत नाही. दवाखान्याच्या त्या लांब व्हरांड्यातही त्यांनी तो असाच धरला होता, दुसरं काय करायचं ते कळत नव्हतं म्हणून.

"अहो," ती म्हणते. आता ती ओरडत नाही. "ही घेऊन कुठं कुठं हिंडणार?"

अण्णा ढकलतात. खाटेची चाकं कुरकुरतात, उंबऱ्यावर एकदा अडतात आणि मग ती सरळ अंधारात निघून जाते. काळं धूड तिच्यामागं वळतं. पांढरा उजेड लहान लहान होत नाहीसा होतो.

ते पुढे येतात तेव्हा गाडी थांबलेली आहे. इंजिन चालू आहे. बाहेर चिंचेखाली सिमेंटचं पिकअप शेड, आत कुणी नाही. चिंचेच्या वर, खाली, सगळीकडे चांदण्या. रत्नप्रभा हातात कापडी पिशवी घेऊन उठलीय.

"इथं कुठं चाललीस?"

"माझा थांबा आला."

"इथं थांबा नाही. हा मार्ग मला पाठ आहे."

"हा नाही पाठ."

"मग मी पण उतरतो."

"आणि गाडी? मधेच सोडायची? पाणी वाट बघतंय तिथं." ती ड्रायव्हरच्या जागेवरची धूळ पदरानं झटकते. "बसा."

"मला ही चालवता येत नाही, प्रभा." लग्नाच्या पहिल्या दिवसांनंतर त्यांनी तिला नावानं हाक मारलेली नव्हती. तिलाही ते जाणवतं. ती क्षणभर त्यांच्याकडे नुसती बघते.

"जन्मभर गाडी चालवलासा आणि येत नाही म्हणता? तो निळा ठिपका दिसतोय न्हवं? तिकडं तोंड ठेवा. जवळ गेल्यावर हळू करा. कॅन उतरून द्या."

"आणि मग?"

"मग काय. ते बोलत्यात. तुम्ही पण बोला."

"मला काय बोलता येतंय? तू चल. बाजूला बस नुसती."

ती त्यांची कॉलर सारखी करते. तिचा हात ओला आहे, आत्ता भांडी घासून आल्यासारखा. "जागा एकच आहे हो हिच्यात," ती म्हणते. "मगाचपासनं तुम्ही बॉनेटवर बसलाय."

ती उतरते. पायरीवर पाऊल टाकताना आधी डावा गुडघा धरते, नेहमीसारखी. अण्णा बसतात. जागा ऊबदार आहे. ते आरशात बघतात, तर चिंच आहे, शेड आहे, पण आकाशी पातळ कुठं दिसत नाही. नुसता तिचा आवाज येतो, मागच्या बाजूनं, कंडक्टर गाडीच्या पत्र्यावर थाप मारून सांगतो तसा.

"जाऊ द्या!"

अण्णा क्लच सोडतात. त्यांना रडू येतंय आणि रस्ता नीट दिसत नाही, पण हात गाडी सरळ ठेवतात. ठिपका मोठा होतो. त्याला दिवे फुटतात. मागे कॅनमधलं पाणी डचमळतंय. अख्ख्या गाडीत दुसरा आवाज नाही.

टिंग.

अण्णा डोळे उघडतात. मान अवघडलीय. खिडकीतून आलेलं ऊन सरकत सरकत भिंतीवर चढलंय. गल्लीत कुणीतरी स्कूटरला किक मारतंय, ती लागत नाही. अण्णांचा उजवा हात बटणांवर पडलेला आहे. हात बधिर झालाय.

पडद्यावर अंधार नाही. लोखंडी भिंती आहेत, पिवळे दिवे आहेत, आणि एका अरुंद धक्क्याला लाल जहाज लागलेलं आहे. झोपेत बोटांनी काय दाबलं, कसं दाबलं, कोण जाणे. अण्णा चष्मा काढतात, शर्टाच्या टोकानं पुसतात, परत लावतात. जहाज धक्क्यालाच आहे.

पुन्हा टिंग होतं. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात कुणीतरी लिहिलेली ओळ आहे. इंग्रजी अक्षरांतलं मराठी. अण्णा एकेक शब्द लावत मोठ्यानं वाचतात. कितीतरी दिवसांत त्या खोलीत कुणी मोठ्यानं बोललेलं नाही.

"काकू, पाणी मिळालं. इतके दिवस कुठं होता?"

स्कूटर शेवटी सुरू होते आणि निघून जाते. मग अण्णा खुर्ची पुढे ओढतात आणि एका बोटानं अक्षरं शोधायला लागतात. एक सापडतं. दुसरं सापडायला वेळ लागतो. पलीकडचा माणूस कोण, कुठल्या गावचा, काही माहीत नाही, पण तो थांबलाय.

"काकू वारल्या," अण्णा लिहितात. बोट बटणांवर नुसतं फिरत राहतं. मग ते लिहितात, "मी त्यांचा नवरा. गाडी मी आणली."