पोस्टमास्तरांच्या दारातच लागणारा दिवा

माझ्या धाकट्या भावाला गॅरेजात सगळे ‘कसंकाय’ म्हणतात. मेकॅनिक आहे, पण पाना हातात घेण्याआधी ‘पण असं होतं तरी कसं काय?’ म्हणून तासभर गाडीकडे बघत बसणार. फोन मी घेते, त्यामुळे गिऱ्हाइकांची बोलणीही मीच खाते.

निवृत्त पोस्टमास्तरांची गाडी आठवड्यात तिसऱ्यांदा आली. तिचे शॉकअप इलेक्ट्रॉनिक, रस्ता बघून आपोआप मऊ-कडक होणारे. काही बिनसलं की पिवळा दिवा लागतो आणि चारही कडक होऊन बसतात. मग बारीकसा खड्डाही थेट कमरेत जातो. इथे तर मास्तरांच्या बायकोच्या पाठीचं ऑपरेशन झालेलं. दुसऱ्या दिवशी त्यांना याच गाडीतून घरी आणायचं होतं आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, एकही दणका बसता कामा नये.

बिघाड शोधणारा स्कॅनर डाव्या मागच्या शॉकअपकडे बोट दाखवत होता. तो तर मागच्याच खेपेला नवा घातलेला. बरं, गॅरेजात गाडी खालून तपासायच्या आमच्या खड्ड्यावर उभी केली की दिवा गप्प, आणि मास्तरांच्या दारात गेली की हजर. मी म्हटलं, दुसरा शॉकअप घाल आणि मोकळा हो. ऐकेल तर शपथ! दारातच का, एवढं एकच धरून तो स्कॅनर घेऊन निघाला. मलाही राहवेना, मी मागोमाग गेले.

मास्तरांनी रोजच्यासारखी गाडी लावून दाखवली, पायरीला अगदी खेटून. तिथे त्यांनी स्वतः सिमेंटचा छोटा उतार केला होता. उजवं मागचं चाक त्यावर चढलं, डावं खाली लोंबलं, आणि दिवा लागला.

कसंकाय तिथेच रस्त्यावर पाठ टेकून गाडीखाली शिरला. शॉकअपकडे जाणारी वायर ताणलेली होती. वरून धड, आतली तार तुटकी. सपाट जागेवर टोकं एकमेकांना टेकायची, इथे सुटायची. शॉकअप बदलताना त्यानं वायर जुनीच ठेवली होती. “चूक माझी,” तो म्हणाला. हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

गाडी अशी तिरकी कशाला लावता, मी मास्तरांना विचारलं. ते चक्क लाजले. चाक उतारावर चढलं की मागची सीट उंबऱ्याच्या बरोबरीला येते, बायकोला पायरी चढावी लागणार नाही. गेला महिनाभर रोज दहा-दहा वेळा सराव करत होते.

म्हणजे तार कशानं तुटली ते माझ्या लक्षात आलं आणि मी तोंड उघडलंच होतं. भावानं माझा हात दाबला.

“मास्तर, तुम्ही अशीच लावत जा,” तो म्हणाला. त्यानं नवी वायर चार बोटं लांब ठेवून जोडली आणि मास्तरांना दहा वेळा गाडी लावायला लावली. दिवा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तरांच्या बायकोचा फोन आला. वाटेत डोळा लागला म्हणाल्या, घर आल्याचं कळलंही नाही. मग आवाज खाली करून त्यांनी विचारलं, “ह्यांना पहिल्या झटक्यात एवढी नीट गाडी लावता कधीपासून यायला लागली हो?”

“कसं काय, कोण जाणे,” मी म्हटलं.