जावयाच्या नावावरची जमीन

माझ्या धाकट्या भावाला हरसूल रस्त्यावर थोडी शेतजमीन घ्यायची होती. तो कॅनडात असतो, तिथलाच नागरिक झालाय. वकिलांनी त्याला सरळ सांगितलं, तुम्ही इथं फ्लॅट घ्या, दुकान घ्या, शेतजमीन विकत घेता येणार नाही. वारशानं आली तर गोष्ट वेगळी. आता आमचे वडील शाळामास्तर, त्यांच्याकडून वारशात आम्हाला पाढे मिळाले.

मग आपल्याकडे करतात तेच आम्ही केलं. आमचे हे सटाण्याचे, घरची कांद्याची शेती, म्हणजे कागदोपत्री पक्के शेतकरी. पैसे भावाचे आणि नाव यांचं. वकील म्हणाले, "बाई, हा बेनामी व्यवहार झाला. उद्या फिसकटलं तर तुमच्या भावाला कोर्टातही जाता यायचं नाही." मीच त्यांना उडवून लावलं. म्हटलं, घरचा जावई आहे, परका थोडाच आहे! माझ्या जिभेला हाड नाही ते नाहीच. अहो, माहेरचं कोणी ज्याला उलटून बोलत नाही असा एकच माणूस असतो, तो जावई. जमीन नेमकी त्याच्याच हातात दिली आम्ही.

भाऊ सुट्टीवर आला की तिथं आंबे, फणस लावायचा. त्याची बायको गेल्यापासून तर तो त्या जमिनीवरच मनानं राहत होता. नोकरी संपली की दोन खोल्या बांधायच्या आणि कायमचं यायचं. "तिकडच्या बर्फात मला मरायचं नाही, ताई," म्हणायचा.

यंदा भाऊबीजेला आला. मी ओवाळलं, पानं वाढली. जेवताना त्यानं हौसेनं खोल्यांचा नकाशा काढून यांच्यापुढे धरला. यांनी तो हातातही घेतला नाही.

"जमिनीचा सौदा ठरलाय," हे म्हणाले. "रिसॉर्टवाला आहे. पार्टी चांगली आहे."

"कुठल्या जमिनीचा, दाजी?"

"माझ्या."

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. माझ्या घरात, माझ्या हातचं जेवताना माझ्या भावाला हे ऐकावं लागत होतं. मी म्हटलं, "तुमची? सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणून तुमची झाली? काही लाज?"

"ताई, गप्प बस," भाऊ म्हणाला. दटावलं ते मला, यांना नाही. नकाशाची घडी घालून त्यानं खिशात ठेवली. "दाजी, तुम्हाला योग्य वाटेल ते करा. जावयाला दिलेलं आम्ही परत मागत नाही."

यांचा चेहरा असा खुलला की मला बघवेना. "बघ, तुझ्यापेक्षा तुझा भाऊ शहाणा आहे," म्हणाले, आणि बासुंदीची वाटी माझ्यापुढे केली.

मी तशीच उभी. भावानं माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "वाढ ना, ताई."

मी वाढली.