डावीकडचीच बॅटरी

“मिसयूज लिही आणि कॉल क्लोज कर,” देसाईसाहेब म्हणाले. “बोअरचं पाणी घालतात ही लोकं. मग बॅटरी मेली की आपल्या नावाने शंख.”

साहेब आमचे सर्व्हिस मॅनेजर. आमचं ऑफिस तुर्भ्याला. मी तिथे फील्ड इंजिनिअर आहे, म्हणजे घरोघरी जाऊन इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या बघते. कॉल उरणजवळच्या एका गावातला होता. एकाच घरात बॅटरी गेल्याची ही तिसरी तक्रार. दोनदा आम्ही वॉरंटीत बदलून दिली होती. कस्टमरने चुकीचं पाणी घालून बॅटरीची वाट लावली असं लिहून दिलं की वॉरंटी संपते आणि विषयही संपतो.

“बघून लिहिते,” मी म्हटलं.

घर वंदनाताई पाटलांचं. त्या बंदराजवळच्या एका गोदामात नोकरी करतात. नवरा जहाजावर. घरी त्या आणि सासरे, सगळे त्यांना दादा म्हणतात. दादांचं उभं आयुष्य मिठागरावर गेलं. आता फुप्फुसं थकलीत, त्यामुळे नाकाला नळी आणि शेजारी घरघरणारं ऑक्सिजनचं मशीन. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देतं ते. मशीनला सतत वीज लागते. वीज गेली की भार इन्व्हर्टरवर.

वंदनाताईंनी मला पाणीसुद्धा विचारलं नाही. थेट म्हणाल्या, “मॅडम, उद्या लाईनचं काम आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत लाईट नाही. परवा लाईट गेली तर तुमची बॅटरी भात शिजेपर्यंतसुद्धा टिकली नाही. सिलिंडर एकच आहे, तो दिवसभर पुरणार नाही. दादांना हॉस्पिटलमध्ये हलवू का, एवढंच सांगा.”

“मना नाय जायचं,” दादा खुर्चीतून म्हणाले. “मागच्या टायमाला गेलू त जिता परत येईन का नाय असा वाटलेला.”

मी ट्रॉलीवरचं झाकण काढलं. दोन बॅटऱ्या शेजारी शेजारी. प्रत्येक बारा व्होल्टची, एकमेकींना जोडून चोवीस. लेड-अ‍ॅसिड बॅटरीत शिशाच्या प्लेट्स असतात आणि पाणी मिसळलेलं अ‍ॅसिड. चार्ज झाली की अ‍ॅसिड घट्ट होतं, उतरली की पातळ. ते हायड्रोमीटर नावाच्या काचेच्या नळीने बघायचं. आत एक तरंगता काटा असतो, तो किती वर राहतो त्यावरून कळतं.

डावीकडच्या बॅटरीत काटा तळाला गेला. अ‍ॅसिड पार पातळ. उजवीची तऱ्हा उलटी. अ‍ॅसिड घट्ट, पाणी खाली गेलेलं, हाताला गरम, नाकाला उग्र वास. एक उपाशी आणि एकीला अजीर्ण.

“पाणी कुठलं घालता?”

त्यांनी आतून कॅन आणून माझ्यापुढे आदळला. पेट्रोलपंपावर मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर. “दर वेळी तुमची माणसं हेच विचारतात. मी काय अडाणी आहे?”

मी क्षार मोजायचं मीटर बुडवून पाहिलं. पाणी स्वच्छ होतं, क्षार नावालाही नव्हते. मी तसं सांगितलं. त्यांचा मघाचा ताठरपणा थोडा सैलावला.

मग दुसरा संशय. जुनी आणि नवी बॅटरी जोडीला लावली की जुनी नवीलाही खाली ओढते. पण मागच्या वेळी दोन्ही एकदम बदलल्या होत्या. तिसरा संशय चार्जर. तो तपासला, दोन्हींचे मिळून व्होल्ट अगदी बरोबर. चार्जर फक्त बेरीज बघतो. बेरीज जमली की त्याचं काम झालं. त्यात एकीला कमी आणि दुसरीला जास्त मिळालं तर त्याला पत्ता नसतो.

मी जमिनीवर बसले. पाणी बरोबर, जोडी बरोबर, चार्जर बरोबर.

“ताई, आधी गेल्या त्या कुठल्या बाजूच्या?”

“हीच. डावीकडची. दोन्ही वेळा.”

तीन वेगवेगळ्या बॅटऱ्या एकाच जागेवर मेल्या होत्या. म्हणजे दोष बॅटरीत नव्हता, जागेत होता.

“दादा, पाच मिनिटं सिलिंडरवर घेऊ?”

“घे गो बाय.”

वंदनाताईंनी नळी सिलिंडरला लावली. मी इन्व्हर्टर बंद केला, जाड तारा त्याच्या टोकाकडून सोडवल्या. आता बॅटरीतून काहीच वाहायला नको. डाव्या बॅटरीच्या टर्मिनलवर ग्रीसचा लपका होता. तो फडक्याने पुसला. दोन्ही बाजूंना जाड तारेच्या कड्याखाली दुसरं बारीक कडं दबलेलं. त्याच्या तारा ट्रॉलीच्या मागून भिंतीत जात होत्या. क्लॅम्प मीटरचा चिमटा लावला. करंट वाहत होता. थोडा, पण न थांबता.

मी तारेच्या मागे निघाले. तारेची पट्टी भिंतीवरून चढली, दाराच्या चौकटीवरून वळली आणि दादांच्या खुर्चीसमोरच्या कॅमेऱ्यात शिरली. तिथून पुढे इंटरनेटच्या डब्यात.

वंदनाताई खाली बसल्या. “तो मीच लावून घेतला. कामावरून मोबाईलवर दादांना बघता येतं. फिटर म्हणाला, लाईट गेली तरी कॅमेरा चालेल.”

कॅमेऱ्याला बारा व्होल्ट लागतात. फिटरने दोनपैकी एकाच बॅटरीतून घेतले. ती रात्रंदिवस झिजत होती. चार्जर तिच्यासाठी करंट ढकलायचा, तो शेजारणीतून जायचा आणि शेजारीण उकळायची.

इन्व्हर्टर पुन्हा जोडून दादांना मशीनवर घेतलं आणि मी साहेबांना फोन लावला.

“म्हणजे बाहेरच्या माणसाने छेडछाड केली,” ते म्हणाले. “वॉरंटी गेली. सोपं झालं की.”

“सर, तार आपल्या कड्याच्या खाली आहे. आपली तार सोडवल्याशिवाय ती निघत नाही. दोन्ही वेळा बॅटरी बदलताना आपल्या माणसाने ती काढली आणि परत जशीच्या तशी लावली. मी हेच रिपोर्टमध्ये लिहिणार आहे. फोटोसकट.”



“काय पाहिजे तुला?”

“दोन बॅटऱ्या. फुल चार्ज. आजच.”

दिवेलागणीच्या आत टेम्पो दारात आला. मी जोडी बसवली, बारीक तार काढून टाकली आणि कॅमेऱ्याला साधा अ‍ॅडॉप्टर लावून तो इन्व्हर्टरच्या पॉइंटवर घेतला. आता तो दोघींकडून सारखंच घेणार होता.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःहून तिकडची ड्यूटी मागून घेतली. लाईट गेली. पंखे बंद, टीव्ही बंद, फक्त दादांचं मशीन आणि कॅमेरा. मी अधूनमधून दोन्ही बॅटऱ्यांचे व्होल्ट मोजत होते. दोघी हातात हात घालून उतरत होत्या. दुपारी वीजवाल्यांचा मेसेज आला, काम लांबलंय. वंदनाताईंनी सिलिंडर ओढून खुर्चीजवळ ठेवला. मी पुन्हा व्होल्ट मोजले. आकडे सांगत होते की दिवस निघेल.

सूर्य कलला तरी मशीनचा अलार्म एकदाही केकाटला नाही. मग ट्यूबलाईट फडफडली आणि पंखा फिरायला लागला. सिलिंडर दिवसभर उघडावाच लागला नाही. वंदनाताईंनी तोंडाला पदर लावला आणि तडक आत चहा ठेवायला गेल्या.

“हाय का अजून जिता मी?” दादांनी विचारलं.

“आहात.”

“मंग बस. जेवून जा. बोंबील हायत.”

मी दोनदा भात घेतला. परतताना ट्रॅफिकमध्ये अडकले तरी गाणं गुणगुणत होते.

त्या जोडीची आजतागायत तक्रार आलेली नाही. देसाईसाहेबांनी पुढच्याच मीटिंगमध्ये सगळ्या टीमला सुनावलं, “नवी बॅटरी लावण्याआधी टर्मिनल पुसा. जास्तीची तार दिसली तर ती कुठे जाते ते बघून या.” सूचना स्वतःचीच असल्यासारखी दिली. माझी हरकत नव्हती. एकाच जागी बॅटरी पुन्हा पुन्हा मरत असेल, तर बॅटरी बदलून काही होत नाही.